ढिला बोल्ट

चढावर गाडी बंद पडली तर माणूस खाली उतरतो, ढकलतो, दोन शिव्या हासडतो आणि मोकळा होतो. पण गाडी चालू आहे, धडधडतेय, आणि गिअरच पडत नाही, म्हणजे घरात माणूस आहे आणि कडी वाजवून वाजवून बोटं दुखली तरी दार उघडत नाही, तसली गत. करायचं काय?

तिचं त्या सकाळी हेच झालं होतं. मोटरसायकल वरच्या गिअरमध्ये अडकलेली, समोर पुलाचा चढ, वरून भुरभुर पाऊस आणि पाठीवर निळी पेटी. पेटीत बर्फाच्या पिशव्यांच्या मध्ये उभ्या केलेल्या काचेच्या नळ्या. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. म्हातारे, बाळंतिणी, पाय मोडून पडलेले, ज्यांना लॅबपर्यंत येणं जमत नाही त्यांच्या घरी जायचं, सुई टोचायची, नळ्या भरायच्या आणि रक्त खराब व्हायच्या आत माघारी पोचायचं, हे तिचं काम. गाडी तिच्या दादाची. वहिनीला मोटरसायकलवर मागे बसायची भीती, म्हणून दादाने चारचाकी घेतली आणि ही बहिणीच्या गळ्यात पडली.

तिने पायाने लिव्हर दाबली. लिव्हर खाली गेली, पण आत काही हललं नाही. पुन्हा दाबली. मग चांगली टाच मारली.

"लाथा मारून गिअर पडला असता तर आम्ही दुकान कधीच बंद केलं असतं."

पुलाच्या तोंडाशीच एक गॅरेज होतं. दारात चहाचा पेला घेऊन एकजण उभा. कोपरापर्यंत काळा, केस पावसाने कपाळाला चिकटलेले, आणि तोंडावर हसू. हसू असं की राग यावा, आणि आलेला राग टिकू नये.

"तुम्ही मिस्त्री का?" तिने विचारलं.

"नाही. मला पाऊस मोजायला ठेवलाय इथे."

"मग मोजा. मी दुसरीकडे जाते."

"जाल कशा? गिअर कुठे पडतोय?" त्याने पेला खिडकीत ठेवला आणि हँडल धरलं. "द्या इकडे. आणि ती पेटी उतरवा, नीट बसता येईल. काय आहे एवढं जपून?"

"रक्त."

त्याचा हात जागच्या जागी थांबला. "कुणाचं?"

"जास्त बोलणाऱ्यांचं."

आत काउंटरपलीकडे उंच स्टुलावर बसलेल्या मालकिणीला एवढं हसू आलं, की तिच्या कमरेचा फोन खाली पडला. नवरा गेल्यावर गॅरेज तिनेच चालवलं होतं. सगळे तिला मावशी म्हणत, मिस्त्रीसुद्धा. नात्यातली कुणाचीच नव्हती, पण बोलणी सख्ख्या मावशीसारखी खायला घालायची.

मिस्त्री गाडीशेजारी उकिडवा बसला. लिव्हर हाताने खालीवर केली आणि मान हलवली.

"तुमचा पाय बरोबर पडतोय. पण आत पोचतच नाही. ही लिव्हर ज्या दांड्याला धरते ना, तिथला बोल्ट ढिला झालाय. ती नुसतीच फिरते, आतल्याला पत्ताच नाही की बाहेर कुणी एवढा जीव काढतंय."

त्याने बोल्ट आवळला. काम दोन मिनिटांचं, पण त्याने त्याला चहा संपेपर्यंत वेळ लावला. मग एक फडकं घेऊन तिची ओली सीट पुसली. फडकं स्वच्छ होतं. गॅरेजमध्ये, जिथे भिंतसुद्धा काळी, तिथे एक धुतलेलं फडकं त्याने कुठून काढलं, हे तिला पूल ओलांडून लॅब येईपर्यंत कळेना. आणि आपण फडक्याचाच विचार का करतोय, हे तर त्याहून कळेना.

काही दिवसांनी बोल्ट पुन्हा ढिला झाला. आपणहून, खरोखरीचा. हे सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं तसं नाही.

"सुईवाली आली!" तो आतून ओरडला.

"मला नाव आहे, मिस्त्री."

"मलाही आहे. तुम्ही कुठे घेता?"

त्याने न विचारता निळी पेटी उचलली आणि सावलीतल्या फळीवर ठेवली, झाकणाकडे न बघता, तोंड भिंतीकडे वळवून. तिच्या लक्षात आलं. एवढा दांडगा माणूस, इंजिन हाताने उचलतो आणि सुईला घाबरतो! ती त्याला मुद्दाम सांगत बसली, आज एका आजोबांची शीर कशी सापडतच नव्हती, मग इथे टोचून पाहिलं, मग तिथे…

"पुरे," तो म्हणाला. खरंच पांढरा पडला होता. "मी बोल्ट आवळतोय, हात स्थिर लागतात. ते कापायला लागले तर तुम्ही चढावर पुन्हा अडकाल."

"अडकले तर अडकले."

एवढं बोलून ती वर पत्र्याकडे बघायला लागली. तोही बघायला लागला. बाहेर पाऊस गॅरेजच्या पत्र्यावर वाजत राहिला, आणि दोघांनाही एकदम त्या पत्र्याचं फार कौतुक वाटायला लागलं.

त्यानंतर जे झालं ते असं. लॅबच्या मागच्या मोकळ्या जागेत, कुणी नसताना, तिने सीटखालची दादाची हत्यारांची पिशवी काढली, त्यातला एक पाना बोल्टला लावला आणि अर्धा फेरा उलटा फिरवला. इकडेतिकडे बघत अशी, जणू कुणाच्या घराचं कुलूप फोडतेय. पुलापर्यंत लिव्हर सुटली. गाडी ढकलत ती गॅरेजच्या दारात गेली आणि कपाळावर आठ्या आणून म्हणाली, "बघा ना हो… पुन्हा."

"बघतो ना," तो म्हणाला.

असं पुन्हा पुन्हा झालं. तो बोल्ट आवळायचा, ती सोडवायची. तो सीट पुसायचा, ती आजोबांच्या शिरांच्या गोष्टी सांगायची. गिअर कसा टाकावा हे तिला येत नसल्यासारखं त्याने एकदा दाखवलं: "क्लच आधी पूर्ण दाबा. अर्धवट दाबून गिअर मागितला की तो रुसतो." आणि दाखवताना क्लचवर ठेवलेल्या तिच्या बोटांवर त्याची बोटं क्षणभर राहिली. ग्रीसचा डाग तिने संध्याकाळपर्यंत धुतला नाही. आई म्हणाली, "हात धू, मगच पानावर बस." तेव्हा धुतला, आणि तोही नाराजीने.

मावशीच्या डोळ्यांतून काय सुटणार?

"काय गं, या गाडीला ब्रेक आहेत, चेन आहे, दिवा आहे. त्यातलं काही कधी बिघडत नाही का? एवढी मोठी गाडी, आणि मेला एकच बोल्ट?"

"रस्ते खराब आहेत, मावशी," मिस्त्री खाली मान घालून म्हणाला.

"रस्ते सगळ्यांनाच तेच आहेत. बाकीच्यांचे बोल्ट बरे जागेवर राहतात!"

तेव्हा दोघांपैकी एकाने तरी तोंड उघडायचं. दोघं शहाणी, कामात तरबेज, बोलायला लागली तर कुणाला ऐकायची नाहीत, आणि नेमकं जे बोलायचं तिथे दातखीळ. तिला वाटायचं, पुरुष आहे, तो बोलेल. मी येतेय ना दर वेळी? अजून मी काय करायचं? त्याला काय वाटायचं, ते तिला फार उशिरा कळलं.

एक दिवस तो लॅबमध्ये आला. हात घासूनघासून लाल केलेले, केसांना पाणी लावलेलं, हातात तपासणीची चिठ्ठी. खुर्चीत असा बसला, जणू फाशीला बसवलाय.

"तुम्ही?" ती हसली. "स्वतःच्या पायाने?"

"हसू नका. लवकर करा."

तिने त्याच्या दंडाला पट्टा बांधला. "मूठ आवळा."

"सकाळपासून आवळलेलीच आहे."

"सुईकडे बघू नका. माझ्याकडे बघा."

"तिकडे बघितलं की जास्तच भीती वाटते."

तिचा हात कधी कापत नसे. त्या दिवशी सुई टोचायच्या आधी तिला एक श्वास जास्तीचा घ्यावा लागला. नळी भरली, तिने कापूस दाबला, आणि सहज विचारायचं म्हणून विचारलं, "कशासाठी ही तपासणी?"

"नोकरीसाठी. गाड्या बनवायचा कारखाना आहे. मोठा. बोलावलंय त्यांनी."

"कुठे?"

"लांब. बसमध्ये बसलं की दिवस संपतो, तरी गाव येत नाही." त्याने कापसावर बोट धरलं आणि खाली बघत म्हणाला, "मी अजून हो म्हटलेलं नाही. महिनाअखेरपर्यंत सांगायचंय. तुम्हाला… काय वाटतं?"

एवढं सरळ विचारलं होतं त्याने. 'जाऊ नका' एवढे दोनच शब्द लागत होते. जिभेवर आलेही होते. पण ती लॅब, तो पांढरा कोट, शेजारच्या खुर्चीत रडणारं बाळ आणि त्याची आई, आणि वर तिचा तो ताठा… मला विचारून जाणार असेल तर मी काय हात जोडू? ती नळीवर चिठ्ठी चिकटवत राहिली. वाकडी चिकटली.

"मला काय वाटायचंय? चांगली नोकरी असेल तर सोडू नये."

औषध कधी घ्यायचं हे एखाद्या पेशंटला सांगावं, तशा आवाजात म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. उठला. दारापर्यंत जाऊन वळला. "गाडी एकदा घेऊन या. त्या लिव्हरचं कायमचं करून टाकतो."

ती गेली. केस नीट विंचरून, पांढरा कोट न घालता. आज बोलेल, आज नक्की बोलेल, असं स्वतःला सांगत.

त्याने जुनी लिव्हर काढून टाकली. दांड्याचे दाते तारेच्या ब्रशने घासून लख्ख केले. नवी लिव्हर बसवली. मावशी स्टुलावरून उठून, काही काम नसताना, मागच्या खोलीत गेली. मग त्याने खिशातून एक नवा बोल्ट काढला आणि तळहातावर धरला. त्याचं डोकं गोल होतं आणि मध्ये खळगी, सहा कोनांची. असल्याला नेहमीचा पाना लागत नाही, वेगळी वाकडी किल्ली लागते.

"हा तुमच्या पान्याने निघायचा नाही," तो म्हणाला.

तिला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"माझ्या पान्याने?"

"सीटखालच्या. त्याचं माप बोल्टपेक्षा एकाने मोठं आहे. बोल्टच्या कडा सगळ्या खरवडल्या होत्या. तुम्ही पहिल्यांदा सोडवलात तेव्हाच दिसलं."

"मग… बोलला का नाहीत?"

"वाटलं, तुम्हीच बोलाल." त्याने बोल्ट घातला, किल्लीने आवळत आवळत नेला. शेवटचा पीळ दिला आणि वर बघितलं. "आता ही लिव्हर सुटणार नाही. आता बिघाड म्हणून तुम्हाला इथे यावं लागणार नाही. आता…"

त्याच्या ओठांवर पुढचं काहीतरी आलेलं होतं. दिसत होतं ते. पण तिला ऐकू येत होता तो फक्त स्वतःच्या कानातला आवाज: पकडलं मला. पकडलं, आणि आता दार लावून घेतोय. माझी थट्टा करत होता इतके दिवस!

"बरं झालं," ती ताडकन म्हणाली. "रोज रोज इथे तडमडत यायला मला तरी कुठे वेळ आहे?"

त्याने ते स्वच्छ फडकं उचललं, सीट पुसली, सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"महिनाअखेरपर्यंत मी इथेच आहे," तो म्हणाला.

"नीट जा," ती म्हणाली आणि गाडीला किक मारली.

पहिला, दुसरा, तिसरा. गिअर असे पडले, की पायाला कळलंसुद्धा नाही. पुलाच्या माथ्यावर तिला हुंदका आला, आणि हेल्मेटमध्ये डोळे पुसता येत नाहीत.

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले, ते तिचं तिलाच माहीत. रोज वाटायचं, जावं. पण जायचं काय म्हणून? गाडी इतकी छान चालत होती की चीड यावी. चेन नीट, ब्रेक नीट, बॅटरी नीट. सकाळी चालू करताना ती मनात म्हणायची, बिघड गं बाई आज, कुठेतरी बिघड. पण ती कशाची बिघडते! त्याचा हात लागला होता तिला. शेवटी ती पुलाचा रस्ता टाळून लांबच्या वळणाने जायला लागली, म्हणजे दिसायला नको. महिना संपला तो दिवसही तिने तसाच, वळणावळणाने काढला.

पाऊस गेला. थंडी पडली, आजोबांच्या शिरा अजूनच सापडेनाशा झाल्या. आणि एका दुपारी, लॅबच्या मागच्या त्याच जागेत, तिने एक दगड उचलला आणि गाडीचा उजवा आरसा फोडला. मग गॅरेजला गेली.

पाऊस मोजायच्या जागेवर कुणी नव्हतं. आत एक पोक्त माणूस टायर चढवत होता. मावशी स्टुलावर.

"ये," मावशी म्हणाली. "काय बिघडलं?"

"आरसा फुटला." तिने इकडेतिकडे बघितलं. "मिस्त्री… गेले का?"

"गेला. जाऊन किती दिवस झाले." मावशीने तिच्याकडे एकदा, आरशाकडे एकदा बघितलं. "तू आत्ता येतेस?"

"गाडीला काही झालंच नव्हतं, मावशी. मग येऊ कशी?"

"अगं बये…" मावशी स्टुलावरून खाली उतरली. "अगं, म्हणून तर त्याने तो बोल्ट बदलला! मला म्हणाला, मावशी, तिच्या गाडीला काहीच बिघाड नसला आणि तरी ती आली, तर समजेन माझ्यासाठी आली. मग त्या कारखान्याला नाही म्हणून कळवतो. शेवटच्या दिवसापर्यंत दारात उभा होता, खांबासारखा. चढावर मोटरसायकल वाजली की बाहेर. मी म्हटलं, अरे, जाऊन विचार ना तिला. तर म्हणतो, मी लॅबमध्ये जाऊन विचारलं होतं. ती म्हणाली जा."

ती खाली बसली. जिथे तो उकिडवा बसायचा तिथेच, तेलकट फरशीवर.

"फोन… नंबर आहे?"

"आहे. पण आधी ऐक, मग पाहिजे तर कर. त्याचं तिकडे ठरलंय. कारखान्यातलीच मुलगी आहे, रंग मारायच्या विभागात. परवाच कळवलं त्याने." मावशीचा आवाज, कधी नव्हे तो, मऊ झाला. "आता बोलून काय मिळणार आहे तुला?"

"काही नाही. काही मिळवायचं नाहीये."

मावशीने कमरेचा फोन काढला, नंबर लावला आणि तिच्या हातात दिला. मग मावशी टायरवाल्याला म्हणाली, "चल रे, बाहेर ऊन खाऊ."

"बोल मावशी!" पलीकडून आवाज आला. मागे यंत्रांचा गोंगाट.

तिने फोन दोन्ही हातांनी धरला.

"मावशी?"

"मी… सुईवाली."

गोंगाट एकदम कमी झाला. कुठलं तरी दार लागलं. मग त्याचा आवाज आला, अगदी जवळून, घाईघाईचा. "काय झालं? गाडी अडली? कुठे आहात?"

"गाडी छान आहे."

"गिअर?"

"लोण्यासारखा पडतो."

"लिव्हर सुटली का?"

"नाही हो."

"मग काय बिघडलं?"

"काही बिघडलं नाही, मिस्त्री." तिने डोळे मिटले. "काही बिघडलं नाही, म्हणून फोन केला."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"हे…" तो म्हणाला. "हे मी तिथे दारात उभा असताना का नाही…"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

"मी बोल्ट बदलला ना!"

"बोल्ट बदलून कुणी बोलतं का, वेड्या माणसा!"

तो हसला. तीही हसली. पत्र्यावर पाऊस वाजायचा तेव्हाचं हसू होतं ते, पण त्याच्या शेवटाला दोघांचाही आवाज चिरकला.

"माझं…" तो सांगायला लागला.

"मावशीने सांगितलं. सुईला घाबरते का ती?"

"कशालाच घाबरत नाही."

"मग चांगलं आहे. सांभाळेल तुम्हाला." तिने फरशीवरचा एक जुना बोल्ट उचलला आणि बोटांत फिरवत राहिली. "एक ऐका माझं. तिला काही सांगायचं असलं ना, तर तोंडाने सांगत जा."

"आणि तुम्ही?"

"मीही शिकते आहेच की. हा पहिलाच प्रयत्न. जरा उशिरा झाला, पण झाला."

दोघांनी फोन ठेवायला फार वेळ लावला. आधी तो ठेवेना, मग ती. शेवटी पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली, नावाने. त्याचं नाव तिने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मावशी आत आली. फोन घेऊन कमरेला खोचला, तिचे डोळे बघितले आणि न बघितल्यासारखं करून कपाटातून नवा आरसा काढला. स्वतःच बसवायला लागली.

"मुद्दाम फोडलास ना?"

"हो."

"कशाने?"

"दगडाने."

"शाबास! त्याने बोल्ट बदलला, तू आरसा फोडलास. जन्मभर अशीच सुटे भाग पाठवत राहिली असतात एकमेकांना." मावशीने आरसा पिळून घट्ट केला. "पुढच्या वेळी कुणी मनात भरलं तर सरळ जाऊन सांग. बिचाऱ्या गाड्या कशाला मोडता?"

तिने पेटी पाठीवर घेतली. सीटवर धूळ होती. ती तिने तशीच, हाताने पुसली.

पुलाच्या चढाला लागताना नव्या आरशात मावशी दिसत होती, कमरेवर हात ठेवून उभी. मागे गॅरेजचं दार, दाराशेजारची खिडकी, आणि खिडकीत कुणीतरी उपडा घालून ठेवलेला चहाचा पेला. गाडी धापा टाकायला लागली. तिने क्लच पूर्ण दाबला, अगदी पूर्ण, त्याने शिकवला होता तसा, आणि पाय दिला. गिअर पडला. नेहमीसारखाच, नीट.